मोतीलालच्या वाट्याचं

हार्मोनियम मध्येच थांबली, आणि पंख्याच्या पात्यांनाही आपल्या आवाजाची लाज वाटावी अशी शांतता चॅपलमध्ये उतरली. फादरांचा हात कटोऱ्यावर थबकला होता. त्यांची नजर रांगेतून बाजूला होणाऱ्या एका पाठीवर खिळली होती आणि तिच्यामागे सगळ्या शाळेची.

शाळेची आया धुरपदाबाई मान खाली घालून दाराकडे निघाली होती. तळहातावर मिळालेली कम्युनियनची ती पांढरी, पातळ भाकर तिने तोंडात घातली नव्हती. पदराच्या टोकात ठेवून तिने गाठ मारली होती.

"डबाच आणायचा होता की, बाई," कुंदा मॅडम शेजारणीच्या कानात पुटपुटल्या. दोनतीन मुली फिसकन हसल्या.

मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना उठल्या. "या माझ्याबरोबर," एवढंच म्हणून त्यांनी धुरपदाबाईला वेदीमागच्या खोलीत नेलं. बाहेर हार्मोनियम पुन्हा सुरू झाली, किंचित बेसूर.

खोलीत धूप आणि जुन्या मेणाचा वास होता. घडी केलेली वेदीवरची वस्त्रं धुरपदाबाईनेच काल इस्त्री केली होती. शाळेच्या सणासाठी फैजपूरहून आलेले केळीचे खांबही पहाटे तिनेच दारांना बांधले होते.

"रांगेत का उभ्या राहिलात, धुरपदाबाई?"

"फादर नवे आहेत. मी हात पुढे केला, त्यांनी दिलं."

"सोडा ती गाठ."

"आमचे हे घरी आहेत ना, सिस्टर."

सिस्टरांना आणखी काही सांगावं लागलं नाही. तिचा नवरा मोतीलाल या शाळेचा शिपाई होता. कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर त्याचा हातोडा पडला, की सकाळची प्रार्थना सुरू होई. शब्द त्याला येत नसत; पण शेवटचा नाद हवेत विरेपर्यंत तो हात जोडून उभा राहायचा, जणू आपणच पाठवलेलं काहीतरी परत येईल म्हणून. आता रुळाच्या जागी विजेची घंटा होती, आणि मोतीलाल पिंप्राळ्यातल्या खोलीत, अर्धांगाने उजवी बाजू गमावून, छताकडे पाहत पडलेला.

"अ‍ॅग्नेस सिस्टर बिमार होत्या," धुरपदाबाई म्हणाली, "तवा फादर हेच छोट्या डबीत घालून त्यांच्यासाठी न्यायचे. दार मीच उघडायची. बिमार माणसाला खाटेवर मिळतं, हे मी इथंच पाह्यलं."

"त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता." सिस्टरांचा आवाज खाली आला. "हा प्रसाद नाही, धुरपदाबाई. आमच्यासाठी हे खुद्द प्रभू आहेत. ते असे पदरात नेता येत नाहीत. बाप्तिस्मा नसलेल्या कुणाला मला ते देताही येत नाहीत."

"मंग मी इथंच खाऊ?"

"नाही. तेही नाही."

धुरपदाबाईने गाठ मुठीत धरली. सिस्टरांशी ती शहरातली मराठी बोले. आत काही हललं, की धुळ्याकडची बोली वर येई. "माले एकलीले नकोच व्हतं, सिस्टर. तुम्हीच पोरीस्ले शिकाडतस ना, वाटीसन खावो म्हनीसन?"

सिस्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. वसईला त्यांची आई अंथरुणाला खिळून होती. तिथले फादर तिला घरी येऊन कम्युनियन देत. ती द्यायला तरी कुणी जाई. लेक मात्र इतक्या वर्षांत उशाशी बसू शकली नव्हती.

गाठ घट्ट बसली होती. दोघींनी मिळून ती सोडवली. आत भाकरीचे दोन तुकडे झाले होते. सिस्टरांनी ते तबकडीत उचलून घेतले, झाकून ठेवले. मग वाटीत पाणी घेतलं आणि एखादा कण राहिला असेल म्हणून पदराचं टोक स्वतःच्या हातांनी त्यात धुतलं. बाळाचं तोंड पुसावं तसं, हलक्या हाताने पिळलं.

"संध्याकाळी मी येते तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मोतीलालभाऊंजवळ बसेन. प्रार्थना करीन त्यांच्यासाठी."

"संध्याकाळी?" धुरपदाबाईने दचकून वर पाहिलं. "त्यास्नी सकायपासून च्या बी नही लिधा, सिस्टर. मीच सांगेल व्हतं, हाई उपाशी लेवं लागस. वाट देखी राहिनात."

बाहेर गाणं संपलं. मुलींच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला. कम्युनियन उपाशीपोटी घ्यायची, हा नियमही ती इथंच शिकली होती. सिस्टरांनी काहीतरी बोलायला ओठ उघडले, आणि जे निघालं ते त्यांना विचारायचं नव्हतं.

"मग आता त्यांना काय सांगाल?"

धुरपदाबाईने पदर सारखा केला. कोनाड्यातली आपली पिशवी घेतली. विजेची घंटा वाजली, तशी ती क्षणभर थांबली, सवयीने हात जुळले, सुटले. केळीच्या खांबांमधून ती फाटकाकडे चालू लागली. पदराचं ओलं टोक तिने मुठीत धरलं होतं, गाठ न मारता.