कोणाच्या नावाचं पाणी

शैलाताईंनी फोन कानापासून दूर धरला, तरी पलीकडचा माणूस ऐकू येतच होता.

"माय, नांदगावहून संतोष बोलतो. नाव बापाचं टाकलं, सावळीराम. अन् तुमचे गुरुजी म्हनत्यात बाळाजी! कोन बाळाजी? पानी सोडू का थांबू?"

"थांब बाबा जरा. बघतोय आम्ही."

सर्वपित्री अमावास्या, आणि सकाळपासून हेच चाललं होतं. रामकुंडावर येऊ न शकणाऱ्या यजमानांना घरीच तर्पण करता यावं म्हणून शैलाताईंचे पती बाळाजीशास्त्री यांनी वारण्याआधी नातीच्या अ‍ॅपसाठी सगळा विधी आपल्या आवाजात म्हणून ठेवला होता. नेहमीच्या शेकडो नावांचे तुकडे वेगळे म्हणून ठेवलेले. यजमान नाव टाकी, शास्त्रीबुवा ते उच्चारत. आज मात्र ते सगळ्यांसाठी एकच नाव घेत होते, स्वतःचं.

माजघरात नात ओवी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मधूनच त्यातून तो खर्जातला आवाज येई, "अस्मत्पितरं... बाळाजी..." आणि शैलाताईंचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे जाई.

"सापडलं, आजी. आवाज वाजवणारी लायब्ररी, म्हणजे आतला तयार प्रोग्रॅम, काल आपोआप बदलली. जुनी आवृत्ती नावाचा तुकडा मिळेपर्यंत थांबायची. नवी थांबतच नाही, पहिला तुकडा वाजवून मोकळी होते. आणि पहिलं नाव आजोबांचंच. कशाला ठेवलं त्यांनी?"

"नमुना म्हणून. मी ओरडले होते, जितेपणी स्वतःला पाणी काय देताय! हसले नुसते. म्हणाले, मागाहून कोण देणार आहे?"

ओवीचा बाप, शैलाताईंचा मुलगा देवव्रत, भिक्षुकी सोडून विमा कचेरीत लागला, तेव्हा शास्त्रीबुवा भरल्या ताटावरून उठले होते. "तुझ्या हातचं पाणी मला पोचायचं नाही!" ते गेल्यावर देवव्रतने तो शब्द पाळला. पितृपक्षात तो ना तीळ हाती धरी, ना बापाचं नाव काढी.

शैलाताई खिडकीशी गेल्या. येवला, नामपूर, कुठल्या कुठल्या अंगणांत आज ओंजळी भरल्या असतील. पोटच्या पोराचा थेंब ज्याला नाही, त्याला सकाळपासून परकी माणसं पाणी देत होती.

"जुनी आवृत्ती परत लावली," ओवी म्हणाली. "हे बटण दाबलं की सगळ्यांच्या फोनवर जाईल. मग ज्यानं जे नाव टाकलं तेच येईल, दुसरं नाही. दाबू?"

"संध्याकाळपर्यंत राहू दिलं तर..."

फोन पुन्हा वाजला.

"माय, भात निवला. बाप बिचारा ताटकळला असंल दारात."

शैलाताई खिडकीपासून वळल्या.

"दाब, ओवी."

थोड्याच वेळात फोनमधून संतोष ओरडला, "आलं! सावळीराम म्हनले गुरुजी!"

मग माजघर शांत झालं. लॅपटॉपही गप्प. शैलाताई पाटावर बसल्या, आणि गच्चीवरून तोच आवाज आला.

"अस्मत्पितरं... बाळाजी..."

"अगं, राहिलंच की काहीतरी!"

ओवीने पडद्याकडे पाहिलं, मग गच्चीच्या जिन्याकडे. खालच्या पायरीवर देवव्रतच्या चपला काढलेल्या होत्या.

"नाही, आजी," ती हळूच म्हणाली. "नीट चालतंय."