रविवारची ड्युटी

"वरचं बटण लाव. आतली कॉलर दिसतेय," थ्वा नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली.

ख्वेने बंदराचा निळा डगला गळ्यापर्यंत बंद केला. आत इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. दोन्हींमध्ये तो आत्ताच घामाने भिजला होता. बाहेर दारात आई ताटात भाजी निवडत बसली होती, त्यामुळे तिच्यासमोरूनच जावं लागणार होतं.

"आज रविवार ना?" आईने मान वर न करता विचारलं.

"क्रेन अडकलीय. सकाळीच फोन आला."

"तुमच्या क्रेनला बरा रविवारच सापडतो. टोपी घे, ऊन आहे. संध्याकाळी शेतातले मुठे खेकडे कुटून सार करते."

ख्वे 'बरं' म्हणाला आणि स्कूटर ढकलत गल्लीबाहेर निघाला. थोड्या वेळाने थ्वाही लेकीचा, लामचा हात धरून निघाली. तिची सबब वेगळी होती. शिवणखात्यातल्या मैत्रिणीला बाळ झालंय, बघून येते.

"रिकाम्या हाताने जाऊ नये गं," म्हणत सासूने आत जाऊन एक हिरवी पपई आणली. "डुकराचे पाय घालून शिजवायला सांग. दूध चांगलं येतं."

थ्वाने पपई घेतली. मैत्रिणीचं बाळ चार वर्षांचं होतं.

तसं पाहिलं तर दोघांच्या मनात वाईट काही नव्हतं. थ्वा आठवड्याचे सहा दिवस बुटांच्या कारखान्यात मशीनवर वाकलेली असे. सातव्या दिवशी आई सगळ्यांना पहाटे उठवून बाजारात नेई, कोंबडीच्या पोटावर बोट दाबून बघे, तीन दुकानं पालथी घालून पुन्हा पहिल्याच दुकानात येई, आणि मग दुपारपर्यंत घरात चिरणं-कुटणं चाले. बाहेर जेवायचं नाव काढलं की तिचं ठरलेलं उत्तर असे, "घरात चूल विझलीय का?" थ्वाने कधी तोंड उघडलं नव्हतं. फक्त मागच्या आठवड्यात ताटं विसळताना ती म्हणाली होती, "एक रविवार. उगाच फिरायचं, काही न घेता." ख्वेला तिचा थकलेला आवाज टोचला होता. आईला सरळ सांगणं त्याला जमलं नव्हतं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ड्युटीचं निमित्त त्याला सोपं वाटलं.

ताम बाक नदीच्या काठावर तिघं भेटली. ख्वेने डगला काढून सीटखाली कोंबला. बाजार नुकता भरला होता. लामने पिशवीतले सोनेरी मासे बघितले, मग पिंजऱ्यातले पक्षी, मग पुन्हा मासे. थ्वाने एका दुकानात सात टोप्या घालून पाहिल्या आणि एकही घेतली नाही.

"घ्यायची नसेल तर डोकं तरी परत कर, ताई," दुकानदारीण म्हणाली.

थ्वा खळखळून हसली. तिला असं हसताना ख्वेने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. आपण बरोबर केलं, असं त्याला क्षणभर वाटलं. लगेच पुढच्या गाळ्यावर एक म्हातारी कोंबडीच्या पोटावर बोट दाबताना दिसली आणि त्याने मान फिरवली.

जेवायला ते नव्या, थंडगार हॉटेलात गेले. गवती चहात वाफवलेले शिंपले आले, खेकड्याचे चौकोनी रोल आले. ख्वेने रोल उचलला, तेवढ्यात लाम पाठ ताठ करून बसली, हात मांडीवर ठेवले आणि रोजच्यासारखं सुरात म्हणाली, "आजी, जेवा. बाबा, जेवा. आई, जेवा."

शेजारच्या टेबलावरच्या बाईने कौतुकाने वळून पाहिलं. चौथी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर पपई ठेवलेली होती.

"आजी इथे नाहीये ना, राणी," थ्वा हळूच म्हणाली.

"मग सुरुवात कुठून करू?"

घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आधी म्हणायचं, मग उतरत्या क्रमाने, आणि तोवर जेवणाच्या काड्यांना हात लावायचा नाही. हे लामला आजीनेच शिकवलं होतं. बोलायला लागल्यापासून रोज, दोन्ही वेळा, न रागावता. लाम एखादं नाव विसरली की आजी तिला ओरडत नसे. वाडग्यावर तळहात ठेवून नुसती वाट बघत बसे, पोरीला आठवेपर्यंत.

"बाबांपासून कर," शेवटी ख्वे म्हणाला. "आणि हे बघ, आपण इथे आलो होतो ते आजीला सांगायचं नाही."

"का?"

"तिला वाईट वाटेल."

"मग आपण का आलो?"

"रोल खा, गार होतोय," थ्वा म्हणाली.

निघताना हॉटेलातला पोऱ्या मागे धावत आला. "ताई, पपई राहिली." थ्वाने ती त्यालाच देऊन टाकली.

थ्वा आणि लाम आधी घरी गेल्या. ख्वे तळ्याच्या काठी बाकावर बसून राहिला. ऊन कलल्यावर त्याने डगला घातला, आणि मग त्याला सुचू नये ते सुचलं. स्कूटरच्या स्टँडच्या सांध्यातलं काळं ग्रीस बोटावर घेऊन त्याने बाहीला पुसलं.

आईने दारातच डगला काढून घेतला. "दे इकडे. हा डाग वाळला की निघत नाही." नळाखाली बसून ती ब्रशने बाही घासू लागली. मुठे कुटून तिची बोटं आधीच सोललेली होती. साबणाने चुरचुरलं की ती हात झटके आणि पुन्हा घासू लागे.

"राहू दे ना आई, मी करतो."

"दिवसभर राबून आलास. बस जरा."

जमिनीवर चटई आणि चटईवर गोल थाळा. मध्ये साराचं पातेलं होतं. खेकड्याचा मऊ गर वर तरंगत होता, खाली घोसाळी आणि पालेभाजी. बाजूला खारवलेली वांगी. ख्वे लहान असल्यापासून हे सार त्याच्या आवडीचं. बाप गेल्यावर आई त्याला शाळेतून आणायची ती याच वासाच्या हातांनी.

लाम ताठ बसली. "आजी, जेवा. बाबा, जेवा. आई, जेवा." एवढं म्हणून ती थांबली, आणि खूश होऊन म्हणाली, "आजी, मी दुपारी पण आधी तुलाच म्हटलं होतं. पण तू नव्हतीस."

"कुठे गं?"

"थंड हॉटेलात. बाबा म्हणाले सांगायचं नाही."

थ्वाने मान खाली घातली. आईचा डाव पातेल्यात तसाच राहिला. बाहेर दोरीवर डगल्यातून पाणी ठिबकत होतं.

"आधी मलाच म्हटलंस?" आईने विचारलं.

"हो. मग बाबांना."

"शाबास. नसलेल्या माणसाचीही पोरीला आठवण राहते." तिने लामला वाढलं, मग थ्वाला. थ्वा पुटपुटली, "आई, चूक माझी आहे. मीच म्हटलं होतं..."

"फिरावंसं वाटण्यात कसली चूक? मी काय म्हातारीच जन्मले होते?" आईचा आवाज नेहमीचाच होता. मग ती ख्वेकडे वळली. "तुम्ही जात जा. मला सांगून जा, मी दार लावून झोपेन. पण पोरीला 'सांगू नको' शिकवू नकोस. मी तिला एवढुसं शिकवायला किती दिवस घालवलेत, तुला माहीत आहे."

आईने स्वतःच्या वाडग्यात भात घेतला, त्यावर तळहात ठेवला आणि वाट बघत बसली. आपलं काय म्हणायचं राहिलंय, हे ख्वेला कळायला थोडा वेळ लागला. जन्मभर दोन्ही वेळा, घाईघाईत, बूट काढता काढता म्हटलेले शब्द. त्याने उचललेल्या काड्या खाली ठेवल्या.

"बाबा, तुमची पाळी," लामने आठवण केली.

"आई," तो म्हणाला. मग लामसारखी पाठ ताठ केली. "आई, जेवा."

"जेव," आई म्हणाली आणि तिने तळहात उचलला.

तिने त्याच्या वाडग्यात गराचा सगळ्यात मोठा तुकडा घातला. त्याचं पोट दुपारपासून गच्च होतं. त्याने घास घेतला. दाताखाली काहीतरी कचकचलं. खेकड्याच्या कवचाची कपची होती. आईच्या सारात अशी कपची आजवर कधी आली नव्हती. कुटलेले मुठे तीन वेळा गाळायची ती. त्याने वर पाहिलं. आई दिव्याकडे वाडगा तिरका धरून, डोळे बारीक करून, आपल्या सारात कपच्या शोधत होती.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

त्याने कपची चावली आणि गिळली.

"छान," तो म्हणाला. "अजून वाढ."