घरात ठेवलेलं अर्धा लिटर

चंद्रभागाबाई अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेली, तेव्हा तिच्या पिशवीत पावडरीचा एक डबा होता. त्यावर धावणाऱ्या बाईचं चित्र होतं आणि बाईच्या गुडघ्यांतून पिवळा उजेड फाकत होता. दोन महिने ती रोज सकाळी कोमट पाण्यात चमचाभर पावडर कालवून पीत होती. तरी जिन्याच्या चार पायऱ्या चढताना तिला कठडा धरावा लागला.

वय छत्तीस. एकोणतिसाव्या वर्षी उसाच्या फडावरून आल्यावर तिची गर्भाची पिशवी काढली होती. पोटात दुखायचं, फडात खाडा झाला की मुकादम ओरडायचा, आणि खाजगी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, काढून टाकू, कटकट मिटेल. ती कटकट मिटली. तीन-चार वर्षांनी हाडांची सुरू झाली. यंदा तर मोळी डोक्यावर चढेना, म्हणून नवरा-बायको दोघंही फडावर गेले नाहीत. फडावर जोडप्याचा मिळून एक कोयता धरतात. बाई नसली की कोयता अर्धा.

दवाखान्यातली डॉक्टरीण पोरसवदा होती. तिनं नडग्या दाबून पाहिल्या, एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला, मग डबा हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली.

"ताई, ह्यात पहिल्या नंबरला साखर आहे. दूध चौथ्या नंबरला. घरी जनावर आहे का?"

"जर्सी हाय एक."

"मग दूध?"

"डेरीला जातं."

"सगळं?"

"च्यापुरतं ठेवतो की."

डॉक्टरिणीनं डबा बाजूला सारला. मग म्हणाली, "गोळ्या देते, त्या चालू ठेवा. पण रोज अर्धा लिटर दूध तुमच्या पोटात गेलं पाहिजे. घरचं, तापवलेलं. नाहीतर घरी विरजलेलं दही, ताक. दुकानातलं गोड दही नको, डबा नको. पाकिटावरची यादी जेवढी लांब, तेवढी ती वस्तू तुमच्यापासून लांब ठेवा."

घरी येईपर्यंत चंद्रभागाबाईनं मनात शंभरदा तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःच्या खाण्याचं तिनं आजवर घरात कधी काढलंच नव्हतं. रात्री भाकरी वाढताना तिनं सांगितलं. उत्तरेश्वर, तिचा नवरा, मान खाली घालून जेवत होता. तो वाईट नव्हता. घरी बसून बसून नुसता गप्प झाला होता.

"घे की मग," तो म्हणाला. "डॉक्टरच म्हणती तर."

सासू भिंतीला टेकून बसली होती. साखराबाईची पाठ कमरेतून अशी वाकली होती, की चालताना तिला समोरच्याचे फक्त पाय दिसायचे.

"बाईमाणूस दूध पिताना म्या उभ्या जन्मात बघितलं न्हाई," ती म्हणाली. "बाळंतपणात सुदिक न्हाई. लेकराला पाजलं, गड्याला पाजलं, राहिलं ते इकलं. आमी काय मेलो का?"



त्या साली पावसानं श्रावणातच पाठ फिरवली होती. फाल्गुनात विहिरींचे तळ उघडे पडले आणि गावात टँकर सुरू झाला. कडबा मिळेना. गावच्या दूध संस्थेनं तेवढं एक काम केलं होतं. जो सभासद रोज चार लिटर दूध घालील, त्याला आठवड्याला सरकी पेंडीचं एक पोतं आणि वाळल्या चाऱ्याच्या पेंढ्या. चाराला एक माप कमी पडलं, तर काही नाही. संस्थेचा सेक्रेटरी बंकट हा नियम कोळशानं भिंतीवर लिहून बसला होता.

जर्सी दोन्ही वेळचं मिळून पाच लिटर द्यायची. चार संस्थेला जाऊन वर लिटरभर उरत होतं, म्हणून चंद्रभागाबाईला जमलं. तिनं माळ्यावरचं काळं गाडगं काढलं, राखेनं घासलं, उन्हात तापवलं. शेजारच्या आळीतून वाटीभर ताक विरजणाला आणलं. पहिल्या दिवशी दही लागलंच नाही, तार आली. दुसऱ्या दिवशी आंबट झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं झाकण काढलं तर वर पिवळसर साय धरली होती आणि खाली दही खापरीला चिकटून उभं होतं. तिनं दारापाठीमागं बसून खाल्लं. ज्वारीची भाकरी कुस्करून, वर मिठाचा खडा. आत कुठंतरी गार वाटलं आणि त्याच वेळी आपण चोरी करतोय असंही वाटलं. दाराआडून सासूचे पाय दिसत होते. ते थोडा वेळ तिथंच उभे राहिले, मग निघून गेले.

तसे अठरा-वीस दिवस गेले. दुखणं कमी झालं का? तिला ठरवता येईना. पण सकाळी उठताना ती आता जमिनीला हात टेकत नव्हती, एवढं खरं.

चैत्राच्या उन्हानं गाय आटायला लागली. साडेचारावर आली, मग चारावर. आता चंद्रभागाबाईचं अर्धा लिटर काढलं की साडेतीनच उरायचं.

"दुकानातून घे काहीतरी," उत्तरेश्वर म्हणाला. "गायीची पेंड बंद झाली तर समदंच बसंल."

म्हणून ती बद्रीनाथच्या दुकानात गेली. गावातलं एकच मोठं दुकान; त्यात फ्रिज होता. फ्रिजमध्ये गुलाबी दह्याचे पेले, चौकोनी चीज, मसाला ताकाच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या. तिनं एकेक वस्तू बाहेर काढून ओट्यावर मांडली.

"बद्रीनाथभाऊ, ह्यात काय काय घातलंय, तेवढं वाचून दाखवा."

बद्रीनाथनं चष्मा लावला. गिऱ्हाईक असं काही विचारत नाही. "ह्यात दूध हाय, साखर, स्टार्च म्हणजे ते लापशीवाणी घट्ट करायचं, रंग, वास... फळ न्हाई बरं का, फळाचा वास हाय." दुसरं उचललं. "ह्यात दूध, मीठ, आणि हे आकडे हायत नुसते. आकडे कशाचे ते मला काय ठाऊक, माय?"

"आन् ही पिशवी?"

"हे साधं दूध. पर मलई काढून घेतलेली. कुठून येतं म्हणशील, तर आपल्याच डेरीचं टँकरनं जातं आन् परत येतं."

तिनं दुधाची पिशवी तेवढी घेतली, बाकीचं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं. घरी तापवून विरजलं. दही पडलं, पण पातळ, निळसर, चव नसलेलं. तरी तेवढ्यात तेच बरं होतं. ती म्हणाली, हेच खाईन. पण रोज पिशवी आणायची ऐपत कुठं होती? पाचव्या दिवशी ते बंद झालं. शेजारणींकडं पेलाभर दूध मागितलं, तर प्रत्येकीचं तेच: चाराला कमी पडतंय, माय, कुठून देऊ?

तिनं खाणं सोडलं. गाडगं पालथं घातलं. पण आठवड्यानं साखराबाईच एका दुपारी म्हणाली, "गाडगं कावून पालथं हाय?"

"गायीला पेंड लागती, आत्याबाई."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे गोठ्यातून किटली घरात आणायचं काम म्हातारीनं स्वतःकडं घेतलं. गाय पुन्हा वर चढली म्हणाली. आणि खरंच, चार लिटर भरून वर अर्धा लिटर चुलीपाशी ठेवलेलं दिसायला लागलं. चंद्रभागाबाईला आनंद झाला. तिनं फार विचार केला नाही. भुकेल्यानं विचार करावा तरी किती?

सहा दिवस तसे गेले. सातव्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर किटली घेऊन संस्थेत गेला. चंद्रभागाबाई मागून पेंडीचं पोतं धरायला गेली होती. रांगेत वीस-पंचवीस माणसं. बंकटनं दुधात लॅक्टोमीटर सोडला. काचेची नळी खोल बुडाली. त्यानं काढून पुसली, पुन्हा सोडली.

"बावीस डिग्री," तो म्हणाला. "पाणी हाय बे उत्तरेश्वर."

"न्हाई. आमच्यात तसं न्हाई चालत."

"मग ये की, तूच बघ. तीन-चार दिवस डिग्री कमीच लागायली. म्या गप होतो. वरून चिठ्ठी आली, गावचा अख्खा टँकर नापास होईल म्हणून."

त्यानं किटली उचलली आणि सगळ्यांसमोर उकिरड्याच्या बाजूला ओतली. कोरड्या जमिनीनं दूध लगेच पिऊन टाकलं, नुसता पांढरा डाग राहिला. दोन महिने सभासदत्व बंद, पेंड बंद.

उत्तरेश्वरनं वळून बायकोकडं पाहिलं. तिथंच, रांगेसमोर, तिच्या दंडाला धरून हिसका दिला.

"दही पायजे होतं न्हाई का तुला? खा आता!"

ती पडली नाही. भिंतीला धरून उभी राहिली. आपण पाणी घातलं नाही, हे तिला सांगता आलं असतं. पण त्याच क्षणी पाणी कुणी घातलं ते तिला कळलं.

घरी आल्यावर उत्तरेश्वरचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. साखराबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तिला कावून बोलायलास? पाणी म्या वतलं."

"तू?"

"म्याच. पंचवीस वर्सं म्या सुदिक मोळ्या उचलल्या. बघ माझी पाठ. मला कुणी डॉक्टरनं सांगितलं न्हाई, कुणी इचारलं न्हाई. ही मोडली तर तुला भाकरी कोण घालंल? म्या?" मग ती खाली बघतच म्हणाली, "एवढं कळंल असं वाटलं न्हाई मला. तांब्याभर तर पाणी."

उत्तरेश्वर बाहेर निघून गेला. दंड धरल्याचं तो बायकोशी पुढं कधीच बोलला नाही. तिनंही काढलं नाही.

पेंड बंद झाल्यावर गाय पंधरा दिवसांत दोन लिटरवर आली. तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. चारा छावणी बारा कोसांवर, आणि तिथं जनावराजवळ माणूस राहायला हवा. शेवटी नेकनूरच्या बाजारात तिला विकून टाकली. घेणारा कुठला होता ते उत्तरेश्वरनं सांगितलं नाही.

ज्येष्ठात टँकरच्या गर्दीत साखराबाई घागर घेऊन उभी होती. तिला कुणी जायला सांगितलं नव्हतं. सून गोळ्या आणायला गेली होती, म्हणून ती गेली. कुणाचा तरी धक्का लागला. उंचावरून पडली असंही नाही. उभ्याची बसली एवढंच. पण खुबा मोडला. दवाखान्यात म्हणाले, ऑपरेशन करायचं तर वजन नाही, रक्त नाही, हाड खडूसारखं आहे, घरी न्या.

कार्तिकात उत्तरेश्वर एकटाच फडावर गेला, अर्ध्या कोयत्यावर. घरात दोन बायका राहिल्या, एक खाटेवर आणि एक तिच्या उशाशी.

गावात दूध एकाच घरी राखून ठेवलं जाई. संस्थेचे चेअरमन मोहनराव यांच्या बोअरला पाणी होतं, गोठ्यात चार म्हशी होत्या, आणि त्यांच्या घरचं दूध डेरीला कधीच जात नसे. चंद्रभागाबाई तिथं शेण काढायला लागली. पहिल्याच दिवशी ती चेअरमनच्या बायकोला, केशरबाईला, म्हणाली, "मालकीणबाई, मजुरी पैशात नको. अर्धा लिटर दूध द्या. पाणी न घातलेलं."

केशरबाई हसली. "अगं, पैसं घे आन् मेडिकलमधून चांगली पावडर आण म्हातारीला. डॉक्टर लोक तीच देतेत."

"दूधच द्या."

तिनं गाडगं पुन्हा सुलटं केलं. म्हशीचं दही घट्ट पडायचं, सुरीनं कापावं असं. ती अर्धं सासूला भरवायची, अर्धं आपण खायची. साखराबाई पहिले दोन दिवस तोंड मिटून राहिली.

"तू खा. मला आता कशाला? मोडायचं ते मोडलं."

"खावा, आत्याबाई."

तिसऱ्या दिवशी म्हातारीनं तोंड उघडलं. बोळक्या तोंडात दही घोळवत राहिली, बराच वेळ. "गोड लागतंय," ती म्हणाली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. "लई गोड लागतंय गं."

पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. दह्यानं त्या भरून येण्यासारख्या नव्हत्या. पौषात, थंडीच्या एका सकाळी, ती गेली. उत्तरेश्वर तिसऱ्या दिवशी पोहोचला, दहावा करून पुन्हा फडावर गेला.

चंद्रभागाबाई शेण काढायला जातच राहिली. आता अख्खं अर्धा लिटर तिचं एकटीचं होतं. ती ते तापवायची, विरजायची, दुपारी भाकरीबरोबर खायची, आता दारासमोर बसून. पाटी उचलताना कमरेत कळ यायचीच, उलट थंडीत जास्त. हाडं सुधारत होती, की तशीच होती, की शेणाच्या पाट्यांनी आणखी झिजत होती, हे तिला कळायला मार्ग नव्हता. पुन्हा अंबाजोगाईला जायचं, तर म्हशींचा एक दिवसाचा खाडा पडला असता, आणि त्या दिवसाचं दूधही.