हर्मीसचा उजवा कान

चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. इथल्या देवळातला हर्मीस देव बोलतो, ही बातमी आखातापलीकडे पोहोचली होती. लोक मधाच्या पोळ्या नि कोंबडे घेऊन सकाळपासून रांगेत उभे होते.

"बाकीचे अकरा देव ऑलिंपसवर मेजवान्या झोडतायत!" पुजारी केर्डोन पायरीवरून ओरडत होता. "झ्यूसला गडगडाटातून फुरसत नाही, हेरा कायमची रुसलेली, पोसायडन तर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तुमच्यासाठी बाजारात उभा कोण? आपला हर्मीस! त्याच्या उजव्या कानात सांगा, स्वतःचे कान झाका, चौकाबाहेर जा. हात काढल्यावर पहिला शब्द ऐकू येईल तो देवाचा!" एवढं बोलून तो प्रार्थनेसाठी आतल्या खोलीत गेला.

फिलिन्ना विणकरीण रांगेत उभी होती. तिचा नवरा दामोन तेलाचे रांजण घेऊन सिसिलीला गेला, त्याला सात वर्षं झाली. समुद्रदेव पोसायडनला तिने जमेल ते वाहिलं, लग्नाची देवी हेराला स्वतः विणलेली ओढणी दिली. दोघांनीही चकार शब्द काढला नाही. मग तीन वर्षांपूर्वी हा परगावचा केर्डोन आला आणि हर्मीसला वाचा फुटली. तिने विचारलं, "दामोन येईल का?" कानांवरचे हात काढले, तर चौकाच्या तोंडाशी बसणारी अंजीरवाली बित्तो म्हणत होती, "वसंतात जहाजं येतात बाई, येतात!"

तीन वसंत आले नि गेले. दर वर्षी तिने पुन्हा विचारलं नि तसंच उत्तर ऐकलं. गावातल्या विधुर कुंभाराने दोनदा मागणी घातली. देवाचा शब्द आहे म्हणून तिने त्याला परत पाठवलं. रोज ती दोघांपुरती सातूची लापशी शिजवायची आणि उरलेली दुसऱ्या दिवशी एकटीच खायची.

गेल्या खेपेला मात्र तिला एक गोष्ट खटकली होती. बित्तो तोंड मिटून तिच्या हातांकडे बघत होती. हात खाली आले, तेव्हाच ती बोलली.

आज तिची पाळी आली. टाचा उंचावून ती मूर्तीच्या कानात पुटपुटली, "माझा भाऊ लिकोस लढाईवर गेलाय. जिवंत आहे का?"

फिलिन्नाला भाऊ कधी नव्हताच.

कान झाकून ती चालू लागली. काहीही ऐकू येवो, शिवी, भांडण, गाढवाचं ओरडणं, पण भाऊ नको, असं तिला आतून वाटत होतं. चौक संपला. तिने हात काढले.

"भाऊ सुखरूप आहे हो," बित्तो गिऱ्हाइकाला सांगत होती, "दारात आलाच समजा!"

फिलिन्ना तिथूनच मागे वळली. ती परत देवळात गेली, हात धुवायच्या पाण्याचा घडा उचलला आणि हर्मीसच्या कानात रिकामा केला.

"मेलो! कानात पाणी कुणी ओतलं रे?" भिंतीआडून आवाज आला. लोकांनी आतल्या खोलीचा पडदा ओढला. आत केर्डोन निथळत उभा. पोकळ मूर्तीच्या कानातून निघालेली मातीची नळी त्याच्या कानाशी येत होती आणि खोलीची मागची खिडकी चौकाच्या तोंडाशी, बरोबर बित्तोच्या टोपलीवर उघडत होती. कळलेला प्रश्न तो तिथूनच तिला सांगायचा.

लोक केर्डोनवर धावले. रांगेतली म्हातारी मेलिटा मात्र फिलिन्नासमोर उभी राहिली. "माझा लेक येणार म्हणाला होता गं देव. काय मिळालं तुला हे करून?"

"काहीच नाही, मावशी." फिलिन्ना म्हणाली. "दामोन आहे की नाही, मला माहीत नाही. केर्डोनलाही माहीत नव्हतं. तरी त्याने सांगितलं आणि मी ते तीन वर्षं गिळलं. माहीत नाही म्हणताना जीव तुटतो, पण ते खरं तरी आहे. सगळ्यांना हवं तेच जो सांगतो, त्याला एकदा खोटा प्रश्न विचारून बघा. देव असेल तर रागावणार नाही."

"मग आता विचारायचं कुणाला?"

"माणसांना."

घरी जाताना तिच्याबरोबर कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्यावर गेली. सिसिलीहून आलेल्या जहाजातून खलाशी उतरत होते. तिने दोन नावं विचारली, दामोनचं आणि मेलिटाच्या लेकाचं. पहिल्या खलाशाने नकारार्थी मान हलवली. ती दुसऱ्याकडे गेली.