तिसरी हाक

"घड्याळवाले काका!"

पहिली हाक आली तेव्हा ती नवऱ्याच्या पायावर अंगठा दाबून बघत होती. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. नवरा बाकावर डोळे मिटून धापा टाकत होता. ट्रकच्या केबिनमध्ये कुठेही पाठ टेकली की घोरायला लागणारा हा माणूस, आता त्याला आडवंसुद्धा होता येत नव्हतं.

दोन्ही किडन्या निकामी झालेल्यांसाठी रक्त शुद्ध करणारी मशिनं त्या दवाखान्यात मोजकीच, आणि आसपासच्या मुलखात दुसरीकडे एकही नाही. प्रत्येक मशीनला माणसं ठरलेली. बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर बसून कोणी गैरहजर राहतंय का, याची वाट पाहायची. टेक्निशियन दारात येऊन ठरलेल्या माणसाला तीन हाका मारायचा. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, की मशीन बाकावरच्या पहिल्या माणसाला. आज पहिला तिचा नवरा होता. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं, पण हल्ली रोज सकाळी ती कोणीतरी येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसायची. त्याची तिला लाज वाटायची.

"अगं, कोणाला बोलावलं?" नवऱ्याने विचारलं.

"घड्याळवाल्यांना."

"ते कुठले चुकतायत," तो म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटून बसला.

खरंच चुकत नसत. म्हातारे काका वेळेआधी हजर असायचे आणि भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय म्हणून टेक्निशियनचं डोकं खायचे. तिने मान वळवली. पाण्याच्या टाकीमागच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून काका झोपले होते. दारातून ते दिसत नव्हते. दिसत होते फक्त तिला.

दुसरी हाक आली.

तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. आत नवऱ्यासाठी आणलेलं, मशीनला जोडायच्या नळ्यांचं कोरं पाकीट होतं. आपण काही केलेलं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. झोपलेल्या माणसाला उठवलं नाही, एवढंच. पण ते 'एवढंच' काही तिच्या घशाखाली उतरेना. ती उठली, टाकीमागे गेली आणि काकांच्या खांद्याला हात लावला.

"काका, उठा. तुम्हाला बोलावतायत."

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"जागाच आहे मी," ते पुटपुटले. "जा पोरी, नवऱ्याला आत ने. मी काढीन कळ पुढच्या पाळीपर्यंत."

क्षणभर, अगदी क्षणभर, तिला आनंद झाला. मग तिची नजर खाली गेली. काकांनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, आणि सुजलेल्या पावलांवर पट्ट्यांचे वळ खोल रुतले होते.

टेक्निशियन तिसऱ्यांदा दारात आला.

"आहेत!" त्याने तोंड उघडायच्या आत ती ओरडली. "काका इथे आहेत!"

नवऱ्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तिला त्याच्याकडे बघवेना.

"लोक धड झोपूसुद्धा देत नाहीत," काका कुरकुरत उठले. वजनकाट्यावर चढता चढता त्यांनी टेक्निशियनला सांगितलं, "मला आज अर्ध्या वेळात सोड. उरलेला वेळ त्या ड्रायव्हरला."

"असं नाही करता येत, काका. मधे मशीन धुवावं लागतं, त्यात वेळ जातो. शिवाय तुम्हालाच कमी पडेल."

"वेळेचं मला शिकवू नकोस. तुझं ते घड्याळ आजही मागे आहे."

"आणि मोठ्या डॉक्टरांना काय सांगू?"

"सांग, म्हातारा भांडकुदळ आहे."

टेक्निशियनने घड्याळाकडे पाहिलं, मग बाकाकडे.

"नळ्या आणल्यात का?" त्याने तिला विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. पिशवीची गाठ तिला सुटता सुटेना. नवरा मात्र चपला काढायला कधीच वाकला होता.