टण्ण वाजलो, म्हणून राहिलो

मित्रांनो, डहाणूजवळच्या चिखले गावात एका घराच्या ओट्यावर सुतळीनं टांगलेला लोखंडी दांडा दिसला, तर त्याला मोडका अडसर समजू नका. तो मी. मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनात होतो. वर इंजिन फिरायचं, खाली ऑईलचा पंप होता आणि दोघांच्या मध्ये मी. इंजिनाचं फिरणं पंपाला पोचवायचं, एवढंच माझं काम. माझ्या खालच्या टोकाला चपटी जीभ आहे. ती पंपाच्या खाचेत बसते. जीभ फिरली की पंप फिरतो, पंप फिरला की ऑईल वर चढतं. ते चढलं नाही, तर इंजिन काही मिनिटांत आपल्याच तापानं भाजून जाम होतं.

जीभ आहे, पण बोलता येत नाही. माझी सगळी भीती तिथून सुरू झाली.

माझे मालक एकनाथकाका. त्यांनी डहाणू रोड स्टेशनात जन्मभर गाड्यांची चाकं ठोकली. गाडी थांबली की हातोडी घेऊन वाकायचे. चाक टण्ण वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर भेग. निवृत्त झाले, तरी हात थांबला नाही. बाजारात माठ घेवोत की नारळ, ठोकल्याशिवाय घेत नसत. वसुमतीकाकू म्हणायच्या, "मला बघायला आलात तेव्हा हातोडी घरी राहिली, हे माझं नशीब!"

दोन वर्षांपूर्वी तलासरीच्या लाहू मेस्त्रीनं इंजिन खोललं. मला पुसून उजेडात धरलं आणि म्हणाला, "काका, ह्याची जीभ झिजली. कोपरे गेले बघा. नवा टाकू."

काकांनी मला दोरीला टांगून हातोडीनं ठोकलं. टण्ण!

"ऐकलंस? देवळातली घंटा आहे. भेग असती तर कळलं असतं."

"भेग नाय काका, झीज आहे. झीज वाजत नाय."

"तू लंगोटात होतास तेव्हापासून लोखंड ऐकतोय मी."

लाहूनं पाना उचलला. वडीलधाऱ्या माणसाशी किती बोलणार? मी परत अंधारात गेलो.

मित्रांनो, मी खरोखरच टण्ण वाजलो होतो. माझ्या अंगात भेग नव्हती. पण जिथं मी मरत होतो, ती जागा वाजत नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी काकांनी चावी फिरवली की माझी परीक्षा सुरू व्हायची. गार ऑईल घट्ट असतं, पंप जड फिरतो. जीभ खाचेत केसभर घसरायची आणि पुन्हा पकडायची. आज नको, आज नको, असं मी म्हणत राहायचो. मग दुसरी भीती आली. वरचं इंजिन टकटक करू लागलं होतं. शेजाऱ्यालाही ऐकू जाईल एवढी टकटक, पण काका खुशाल शीळ घालत चालवायचे. काकूंनी चहाला तीनदा हाक मारली, तर म्हणायचे, "तू हल्ली फार हळू बोलतेस." सगळा भरवसा ज्या कानावर होता, तो कानच विझत चालला होता.

भाचीच्या साखरपुड्याला दोघं तलासरीला निघाले. गाव जवळ आलं, चढ लागला, आणि माझी जीभ खाचेतून निसटली. मी वर फिरत होतो, खाली पंप उभा होता. मी फिरतोय आणि काहीच होत नाही, असलं भय मी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, ऑईलचा काटा झोपला," काकू म्हणाल्या.

"काय?"

"काटा! शून्यावर!"

"काटा खोटा असेल. इंजिन बघ कसं गातंय."

"गात नाही, रडतंय ते! तुम्हाला ऐकू येत नाहीये!"

आजवर घरात कुणी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. काकांनी तरी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. मग काकूंनी हात घालून चावी बंद केली. मागचा टेम्पो कर्कश हॉर्न देत अगदी बाजूनं गेला. गाडी कडेला थांबली.

लाहूनं ओढून नेलं, खोललं आणि म्हणाला, "काकू, अजून थोडं चाललं असतं तर इंजिन भंगारात होतं. असलं आता मिळत नाय." मग त्यानं दोन नवे दांडे पुढं ठेवले. एक चकचकीत, एक काळपट. काकांचा हात सवयीनं हातोडीकडे गेला.

"ठेवा ती. मेल गाडीचं चाक नाय ते. दोन्ही वाजतील." लाहूनं चकचकीतावर कानस फिरवली, कीस सुटला; लोखंड मऊ होतं. काळपटावरून कानस नुसती घसरली; तो कडक होता. "आता जीभ खाचेत घालून हलवा."

चकचकीत खुळखुळला. काळपट दांडा घट्ट बसला. काकांनी त्याच्या जिभेचे कोपरे अंगठ्यानं चाचपले आणि म्हणाले, "हा."

मग त्यांनी मला उचललं. पुन्हा दोरीला टांगलं, ठोकलं, कान जवळ नेला.

"लाहू, वाजला का रे?"

"वाजला काका. टण्ण."

काकांनी हातोडी खाली ठेवली. "मला नाही ऐकू आला," ते म्हणाले.

तेव्हापासून मी ओट्यावर आहे. जेवण तयार झालं की काकू मला ठोकतात आणि चिकूच्या झाडाखालून काका येतात. कानाच्या डॉक्टरकडे मात्र 'पुढच्या सोमवारी' जायचं आहे. असे कितीतरी सोमवार गेले. काल काका एकदा ठोकल्यावर आले. आज काकूंनी तीनदा ठोकलं. मी तिन्ही वेळा स्वच्छ वाजलो. काका पाठमोरेच उभे होते. शेवटी काकू पायऱ्या उतरल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चला. जेवायला नाही, डॉक्टरकडे."

मित्रांनो, यंत्र असो की घरातलं माणूस, टण्ण वाजतंय म्हणून सोडून देऊ नका. जवळ जा, बोट लावून बघा. झीज वाजत नाही.