बारीक छापलेले सूर

स्मिताची जिरवायची, हे नीताने जूनमध्येच ठरवून टाकलं होतं.

चूक नीताचीच म्हणा. क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत चहा पिता पिता तिनेच मोठेपणाने सांगितलं होतं, "अगं, शाळेच्या बँडने स्कॉटलंडच्या कोळ्यांचं जुनं लोकगीत बसवलंय. मधला एकट्याने वाजवायचा तुकडा आमच्या गार्गीला. खरं तर तो ओबोचा, म्हणजे त्यांच्या सनईचा. पण बँडमध्ये ओबोच नाही. मग क्लॅरिनेटच्या कागदावर ते सूर बारीक छापलेले असतात, ते ही वाजवते."

स्मिता गोड हसली. महिन्याभरात तिच्या रुचिरने सॅक्सोफोन सोडून ओबो धरला. बँडमास्तर टॅन म्हणाले, तुकडा मुळात ओबोचाच. संपलं!

नऊ महिने नीता जेवताना तेच दळण दळत राहिली. "ओबोची रीड म्हणजे सनईच्या पत्तीसारखीच नाजूक. टोक नखाने दाबलं की खलास. वाजव म्हणावं मग!" तेरा वर्षांची गार्गी खाली मान घालून भात कालवत असे.

कार्यक्रमाच्या दिवशी नीता मुद्दाम मदतनीस पालक म्हणून विंगेत आली. रुचिरच्या दोन्ही रीड्स भिजत घातलेली डबी तिने मागून घेतली.

"तू आहेस म्हणून मी निर्धास्त गं," स्मिता म्हणाली. ते जास्तच झोंबलं.

थोड्या वेळाने गार्गी आली. "आई, डबी दे. रुचिर वॉन्ट्स टू चेक, लाह," ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. दोन मिनिटांत तिने ती परत आणून दिली.

आसपास कुणी नाही असं बघून नीताने झाकण उघडलं, अंगठ्याचं नख पुढे केलं आणि थबकली. दोन्ही टोकं आधीच तुटलेली. पाण्यावर एक कुसळ तरंगत होतं. समोर क्लॅरिनेट छातीशी धरून गार्गी उभी होती, पापणीही न हलवता.

तेवढ्यात रुचिर, स्मिता आणि टॅन सर आलेच. सरांनी डबीत पाहिलं. "हू टच्ड दिस?"

गार्गीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी," नीता म्हणाली. "रीड्स हातातून खाली पडल्या, वर माझाच पाय पडला."

"दोन्हींवर?" स्मिताचा आवाज चिरकला. "वाटच बघत होतीस ना गं?"

"चुकलं माझं, स्मिता. माफ कर."

हे शब्द स्मिताच्या तोंडून ऐकायचे म्हणून नीता नऊ महिने थांबली होती.

"गार्गी, प्ले द स्मॉल नोट्स," सर म्हणाले.

पडदा उघडला. ढोल थांबले, तुताऱ्या थांबल्या, आणि क्लॅरिनेट एकटंच वाजू लागलं. एक सूर चुकला नाही. मुका ओबो मांडीवर घेऊन रुचिर बसला होता. नीताच्या शेजारी स्मिता रुमालात रडत होती. अगदी मनात रंगवलं होतं तस्संच.

तुकडा संपला. गार्गीने विंगेकडे पाहिलं. तिला शाबासकी हवी होती.

नीताने, स्मिताला दिसणार नाही असा, अंगठा वर केला.